विज्ञानाचा वर्ग : शिक्षक आणि शास्त्रज्ञ यांची भागीदारी

आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, हे वाक्य आपण प्रत्येक सभेत, प्रत्येक गुणगौरव समारंभात ऐकतो. त्यात खोटे काहीच नाही. परंतु हे विज्ञानयुग शाळेच्या वर्गात नेमके कोणत्या वाटेने येते, याचा विचार फारसा होत नाही. शाळेला एखादे यंत्र मिळाले की विज्ञान आले, असे आपण समजून चालतो. यंत्र येते, नारळ फुटतो, देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, फोटो निघतो. आणि पुढे काही महिन्यांनी पाहावे तर यंत्र कपाटात आणि कपाटाला कुलूप. हे कुलूप का लागते आणि ते कोणत्या उपायाने निघू शकते, यासंबंधी काही माहिती मंडळाचे सभासद आणि विद्यार्थी यांच्यापुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही विज्ञानाचे अभ्यासक नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि पोटापाण्यासाठी बँकेतील कारकुनी, एवढीच आमची ओळख. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो, कारण हा विषय आपल्या मुलांच्या भवितव्याचा आहे. ज्या मुलाचे आईवडील डॉक्टर किंवा इंजिनीयर आहेत, त्याला शाळेतील कुलूप फारसे अडवत नाही. त्याच्या घरात पुस्तके असतात, उत्तर देणारे माणूस असते, महागडा क्लास असतो. परंतु जे मूल महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते आणि ज्याच्या घरात विज्ञान शिकणारे ते पहिलेच आहे, त्याची विज्ञानाशी गाठ एकाच ठिकाणी पडते, ती म्हणजे वर्गात. त्या वर्गातील कपाट बंद असेल तर त्या मुलासाठी विज्ञानाचे दारच बंद होते. म्हणून त्या कुलपाची सर्वांत मोठी किंमत आपलीच मुले मोजतात.

यंत्र पुढे, माणूस मागे

शाळांना यंत्रे देण्याचे प्रयत्न आपल्या देशात झालेच नाहीत, असे नाही. 1984 साली केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाने शाळांतील संगणक साक्षरतेची योजना सुरू केली. आरंभी सुमारे 250 शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना ब्रिटनमध्ये तयार झालेले ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक देण्यात आले. त्या काळात संगणक ही सर्वसामान्य माणसाने पाहिलेलीही वस्तू नव्हती. मुलांना संगणकाची ओळख व्हावी, हा त्या योजनेचा उद्देश होता आणि तो त्या काळाला धरूनच होता. परंतु विज्ञानाच्या तासाला एखादी गोष्ट मोजण्यासाठी, पडताळण्यासाठी हे यंत्र वापरायचे, ही पुढची पायरी निराळी आहे. पुढे 2016 साली नीती आयोगाच्या पुढाकाराने ‘अटल टिंकरिंग लॅब’ ही योजना आली. तिच्यात निवडलेल्या शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि सहावी ते बारावीच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्सची साधने, सेन्सर, थ्रीडी प्रिंटर हाताळता येतात. या योजनेत मुलांना मार्गदर्शन करण्यासाठी बाहेरच्या जाणकार मंडळींना स्वयंसेवक म्हणून जोडून घेण्याची सोयही आहे. नुसते साहित्य पुरत नाही, सोबत माणूस लागतो, हे त्यातून मान्य झाले आहे.

हे आम्हाला आमच्या नोकरीतील अनुभवावरूनही पटते. बँकांमध्ये सर्व शाखा एका संगणक प्रणालीला जोडण्याचे काम झाले, तेव्हा कर्मचाऱ्यांना जाडजूड माहितीपुस्तिका मिळाल्या, दोन-चार दिवसांचे प्रशिक्षणही मिळाले. पण काम खऱ्या अर्थाने हाताला बसले ते शेजारच्या काउंटरवरील जाणत्या सहकाऱ्यामुळे. व्हाऊचर अडले की त्याच्याकडे वळावे, ‘हे असे का दाखवते आहे?’ म्हणून विचारावे आणि त्याने खुर्ची ओढून आपल्याजवळ बसावे. शाळेतील विज्ञान शिक्षकाला असा शेजारी कोण आहे? बहुतेक शाळांत विज्ञानाचा शिक्षक एकटाच असतो. उपकरण बिघडले किंवा उत्तर पुस्तकाप्रमाणे आले नाही, तर विचारायचे कोणाला? मग सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे प्रयोग फळ्यावर काढून दाखवायचा आणि उपकरण कपाटात ठेवायचे. यात शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. एकट्या माणसाने धोका किती पत्करावा, यालाही मर्यादा असते.

शेजारी कोण होऊ शकतो?

हा शेजारी संशोधन करणारा शास्त्रज्ञ होऊ शकतो, अशी कल्पना अनेक ठिकाणी प्रत्यक्षात आणली गेली आहे. ती समजून घेताना प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शास्त्रज्ञ म्हणजे सर्व उत्तरे ठाऊक असलेला माणूस, अशी आपली समजूत असते. वस्तुतः उत्तर ठाऊक नसलेल्या प्रश्नांवर काम करणे हाच त्याचा धंदा आहे. त्याचे उपकरण रोज बिघडते, त्याचे आकडे रोज थोडे वेगळे येतात आणि तो त्याला घाबरत नाही. उत्तर चुकले की उपकरण तपासतो, पुन्हा मोजतो, दहादा मोजून सरासरी काढतो.

आमच्या कामात दिवसाअखेर एका रुपयाचा जरी फरक आला तरी ती चूकच असते आणि ती सापडेपर्यंत घरी जाता येत नाही. प्रयोगाचा हिशेब निराळा आहे. दोन मोजमापांत थोडा फरक येणारच, आणि तो किती आला, का आला, हे शोधण्यातच पुष्कळसे विज्ञान आहे. आपले शिक्षण मात्र बँकेच्या मेळाप्रमाणे चालते. पुस्तकातील उत्तराशी मेळ बसला नाही की विद्यार्थी आकडा खोडतो आणि ‘बरोबर’ आकडा लिहितो. म्हणजे विज्ञानाच्या तासाला तो खोटे लिहायला शिकतो.

शास्त्रज्ञाजवळ जे असते ते शिक्षकाला हवे असते; पण शिक्षकाजवळ जे असते ते शास्त्रज्ञाजवळ नसते, हेही तितकेच खरे. बारा वर्षांच्या मुलाला कोणता शब्द कळतो, साठ मुलांच्या वर्गात साहित्य कसे वाटायचे, पस्तीस मिनिटांत काय होऊ शकते, मूल गप्प बसते ते समजले म्हणून की भीतीने, हे केवळ शिक्षकच सांगू शकतो. म्हणून ‘शास्त्रज्ञाने शिक्षकाला शिकवायचे’ असा हा प्रकार नाही. दोघांनी मिळून वर्ग उभा करायचा आहे. ‘भागीदारी’ हा शब्द आम्ही त्या अर्थाने वापरतो.

मुंबईतील आरंभ

या बाबतीत महाराष्ट्राने मागे राहिल्याची खंत बाळगण्याचे कारण नाही. मुंबईत कुलाबा येथे टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. 1945 साली स्थापन झालेली ही देशातील अग्रगण्य संशोधन संस्था. या संस्थेतील काही शास्त्रज्ञ आपले संशोधन सांभाळून मुंबई महापालिकेच्या शाळांतील विज्ञान शिक्षकांबरोबर काम करू लागले. त्यातूनच 1974 साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना झाली. आज हे केंद्र मानखुर्द येथे आहे. भौतिकशास्त्रज्ञ प्रा. भा. मा. उदगावकर आणि प्रा. वि. गो. कुलकर्णी यांचा या कामात मोठा वाटा होता.

केंद्राने आपले आरंभीचे एक महत्त्वाचे काम मुंबईत केले नाही, तर जळगाव जिल्ह्यातील खिरोदा येथे केले. ग्रामीण भागातील शाळांच्या शिक्षकांबरोबर राहून, स्थानिक साहित्यातून प्रयोग कसे करता येतील, हे तेथे पाहिले गेले. त्यानंतर केंद्राने महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काही वर्षे काम केले. ही मुले हुशार आहेत की नाहीत, असा प्रश्न न विचारता, त्यांना नेमके काय अडते, असा प्रश्न शास्त्रज्ञांनी घेतला. त्या कामात पुढे आलेली एक गोष्ट प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावी अशी आहे. अनेकदा मुलांना विज्ञान अडत नव्हते, पुस्तकाची भाषा अडत होती. लांबलचक वाक्ये आणि संस्कृतप्रचुर परिभाषा यांच्यामागे साधी कल्पना दडून बसत होती. भाषा सोपी केली, प्रयोगाची जोड दिली, मुलाला बोलायला लावले, की तीच मुले पुढे सरसावत होती. मागे पडलेल्या मुलाच्या बुद्धीविषयी समाजात जे गैरसमज पसरलेले असतात, त्यांना या कामाने परस्पर उत्तर दिले.

होशंगाबादचा तीस वर्षांचा प्रयोग

शास्त्रज्ञ आणि शिक्षक यांच्या भागीदारीचे सर्वांत मोठे आणि दीर्घ चाललेले उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशात घडले. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातील 16 माध्यमिक शाळांत ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी त्याला हात घातला. किशोर भारतीचे डॉ. अनिल सद्गोपाल हे स्वतः टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले जीवरसायनशास्त्रज्ञ. त्यांच्यामागोमाग त्या संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक उन्हाळ्याच्या सुट्टीत होशंगाबादला येऊ लागले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले प्रा. यशपाल हेही त्यांत होते.

तेथील प्रशिक्षणात व्याख्याने फार नसत. सहावी, सातवी आणि आठवीसाठी वेगवेगळी शिबिरे होत आणि शिक्षक विद्यार्थी होऊन प्रत्येक प्रयोग स्वतः करीत. चारचार जणांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीपुढे साहित्याची पेटी आणि बाजूला बसलेला शास्त्रज्ञ. प्रयोग फसला तर तो का फसला यावर चर्चा. वर्गातही हीच पद्धत. ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकात उत्तरे छापलेली नसत, कृती आणि प्रश्न असत. उत्तर मुलांनी आपल्या वहीत लिहायचे. शाळा सुरू झाल्यावर शिक्षकांची दरमहा बैठक होई. कोणता पाठ मुलांना कळला नाही, कोणते साहित्य तुटले, कोणत्या प्रश्नाने वर्ग बुचकळ्यात पडला, हे शिक्षक सांगत आणि त्याप्रमाणे पुस्तक बदलले जाई. परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ ठेवण्याची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा घेतली जाई. पाठांतराला वावच उरला नाही.

येथील तंत्रज्ञान म्हणजे विजेवर चालणारी यंत्रे नव्हती. साधे सूक्ष्मदर्शक, भिंगे, चुंबक, परीक्षानळ्या, विजेऱ्या, एवढेच. परंतु प्रत्येक वस्तू वर्गात टिकेल का, तुटली तर बाजारात मिळेल का, शिक्षकाला दुरुस्त करता येईल का, हा विचार करून निवडलेली. पुण्याच्या टेल्कोमधील एक तरुण अभियंता, श्री. अरविंद गुप्ता, 1978 साली रजा घेऊन तेथे गेले. सायकलच्या व्हाल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या यांच्यापासून भूमितीच्या आकृत्या आणि घरांचे सांगाडे तयार करण्याची युक्ती त्यांना तेथेच सुचली. तीच पुढे देशभर मुलांच्या हाती गेली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले.

1978 साली हा कार्यक्रम होशंगाबाद जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला. 1982 साली ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन होऊन तिने तो पुढे अनेक जिल्ह्यांत नेला. 2002 साली राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षे चाललेले काम एका आदेशाने थांबले, ही गोष्ट विसरून चालणार नाही. चांगले काम केवळ चांगले आहे म्हणून टिकत नाही. त्याच्यामागे पालक आणि समाज उभा असावा लागतो.

पाव सेकंदाचा हिशेब

काड्या आणि नळ्यांनी पुष्कळ शिकता येते. पण सर्व काही शिकता येत नाही. इलेक्ट्रॉनिक साधन कोठे अपरिहार्य होते, हे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. नववीच्या विद्यार्थी मित्रांनी हे गणित वहीत करून पाहावे.

वरून सोडलेली वस्तू खाली पडताना तिचा वेग प्रत्येक सेकंदाला 9.8 मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो, हे पुस्तकात आहे. हे वर्गात पडताळायचे कसे? लोखंडी गोळी 30 सेंटिमीटर उंचीवरून सोडली, तर ती खाली पोहोचायला सुमारे 0.247 सेकंद लागतो, म्हणजे जेमतेम पाव सेकंद. आपण घड्याळाची कळ दाबेपर्यंत तेवढा वेळ निघून जातो, कारण डोळ्याने पाहून बोट हलवायलाच माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतो. समजा, या गडबडीत घड्याळाने 0.35 सेकंद दाखवले. उंचीच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागले तर उत्तर येते 4.9, म्हणजे खऱ्या उत्तराच्या निम्मे. मुलाने काहीही चूक केलेली नसताना उत्तर निम्मे! मग ते मूल काय करील? आकडा खोडून 9.8 लिहील.

दिल्लीतील इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर ही विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केलेली संशोधन संस्था. प्रचंड त्वरणयंत्रातून अणुकेंद्राचा अभ्यास करणे हे तिचे काम. तेथील शास्त्रज्ञांना आपल्या प्रयोगांसाठी अत्यंत सूक्ष्म वेळ मोजणारी इलेक्ट्रॉनिक साधने स्वतःच तयार करावी लागत. हीच विद्या साध्या स्वरूपात शाळा-महाविद्यालयांना देता येईल, असा विचार करून श्री. अजित कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फिनिक्स’ हा उपक्रम सुरू केला. त्यातून ‘एक्सपाइज’ नावाचे तळहातावर मावेल एवढे उपकरण तयार झाले. ते संगणकाला जोडले की संगणकच मोजमापाचे यंत्र होतो. विद्युतचुंबकाने गोळी धरून ठेवायची, संगणकाने ती सोडायची आणि गोळी खालच्या पट्टीवर आदळली की वेळ नोंदवायची. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत वेळ मोजली जाते. येथे मुलाला 9.8 च्या अगदी जवळचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

याच उपकरणावर आणखी एक प्रयोग करता येतो. तारेच्या वेटोळ्यातून चुंबक खाली सोडला की पडद्यावर दोन लाटा उमटतात, एक वर आणि एक खाली. चुंबक आत येताना वीज एका दिशेने आणि बाहेर जाताना उलट दिशेने निर्माण होते, म्हणून असे होते. दुसरी लाट पहिलीपेक्षा उंच आणि अरुंद असते. ती तशी का असावी? चुंबक पडतापडता वेगवान झालेला असतो, म्हणून. हे शिक्षकाने सांगण्याची गरजच नाही. चित्र पाहून मुले स्वतः सांगू शकतात.

या उपकरणाची रचना आणि त्याची संगणक प्रणाली सर्वांसाठी खुली आहे. कोणीही ती पाहू शकतो, बदलू शकतो. शिक्षकांसाठी संस्थेने प्रशिक्षण वर्ग घेतले, आणि उपकरण ज्यांनी बनवले त्यांच्याच शेजारी बसून ते शिकण्याची संधी शिक्षकांना मिळाली. बिघडले तर कोणाला विचारायचे, हा प्रश्न तेथे सुटतो.

यंत्र कोठे नको, हेही शिकावे

जाणकार माणसाच्या सोबतीचा दुसरा फायदा असा की यंत्र कोठे नको, हेही तो सांगतो. एक मीटर लांबीच्या दोऱ्याला दगड बांधून लंबक केला, तर त्याचा एक झोका पूर्ण व्हायला सुमारे दोन सेकंद लागतात. एकच झोका मोजला तर घड्याळाची चूक मोठी दिसेल. पण वीस झोक्यांचा एकत्र वेळ घेतला, तर तो चाळीस सेकंदांच्या आसपास येतो आणि त्यात 0.2 सेकंदाची चूक म्हणजे शेकडा अर्धा टक्का. या मोजमापावरूनही 9.8 चा आकडा काढता येतो आणि तो सुमारे एक टक्क्याच्या आत बरोबर येतो. खर्च काय? दोरा, दगड आणि मनगटी घड्याळ. म्हणजे ज्या राशीसाठी वरच्या प्रयोगात संगणक लागला, तीच राशी येथे जवळजवळ फुकट मिळाली.

हा विवेक माहितीपुस्तिकेत सापडत नाही. रोज मोजमाप करणारा माणूसच तो देऊ शकतो. शाळेने पैसे कशावर खर्च करावेत, हे ठरवतानाही तो उपयोगी पडतो.

देणे आणि घेणे

भागीदारी म्हटली की दोन्ही बाजूंना काही मिळाले पाहिजे. शाळेतील मुले शास्त्रज्ञांना काय देणार, असे कोणी विचारील. त्याचेही उदाहरण आहे. हवाई बेटांवरील पॅन-स्टार्स ही दुर्बीण आकाशाच्या एकाच भागाची काही मिनिटांच्या अंतराने छायाचित्रे घेते. तारे जागीच असतात, पण एखादा ठिपका सरकलेला दिसला तर तो लघुग्रह असू शकतो. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या पुढाकाराने 2006 पासून अशी छायाचित्रे जगभरच्या शाळांना पाठविली जातात आणि मुले संगणकावर असे सरकणारे ठिपके शोधतात. 2020 साली गुजरातमधील सुरत येथील दहावीच्या दोन मुलींनी असाच एक नवा लघुग्रह शोधला. दुर्बीण हजारो किलोमीटर दूर, शाळेत फक्त संगणक, पण मुलींचे काम मात्र खरे संशोधन. पाठ्यपुस्तकातील प्रश्नाचे उत्तर मागल्या पानावर असते. या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याआधी कोणाजवळच नव्हते.

दुसरे उदाहरण कागदी सूक्ष्मदर्शकाचे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ डॉ. मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली ‘फोल्डस्कोप’ हे साधन जगापुढे ठेवले. जाड कागदाच्या घड्या आणि एक चिमुकले भिंग यांतून वस्तू सुमारे 140 पट मोठी दिसते. आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्याच्याशी करार करून शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक आणि संशोधक यांना हे साधन वापरण्यासाठी प्रकल्प दिले. खिशात मावणारा सूक्ष्मदर्शक कपाटात ठेवण्याची गरजच राहत नाही, आणि मुलाच्या वस्तीतील पाण्याचा थेंब हाच त्याचा अभ्यासाचा विषय होतो.

अडचणी

हे सर्व वाचून काम सोपे आहे असे वाटेल, पण तसे नाही. शास्त्रज्ञाला वेळ कमी असतो आणि शाळेत घालवलेला वेळ त्याच्या बढतीत मोजला जातोच असे नाही. मग एखाद्या दिवशी येऊन, हार घेऊन, तासभर भाषण करून तो जातो. असे भाषण वाईट नसते, पण ती भागीदारी नव्हे. शिक्षकाच्या अडचणी त्याहून मोठ्या. जनगणना, निवडणूक, निरनिराळ्या नोंदी यांत त्याचा वेळ जातो. आणि प्रयोगात रमलेल्या शिक्षकाची बदली झाली की त्याच्याबरोबर प्रयोगही जातात. तिसरी अडचण आपली, म्हणजे पालकांची. मूल प्रयोगात वेळ घालवू लागले की ‘मार्क किती पडणार?’ हा आपला पहिला प्रश्न असतो.

या तिन्ही अडचणींवर होशंगाबादने दाखवलेला उपाय एकच : भेट एकदा नव्हे, दरमहा, आणि एका शिक्षकाची नव्हे, परिसरातील पाच-दहा शिक्षकांची मिळून. एकाची बदली झाली तरी गट राहतो.

आपण काय करू शकतो?

मंडळाने शाळेला साहित्य भेट देण्याची प्रथा चांगलीच आहे. तिला एक जोड द्यावी, असे आम्हाला सुचवावेसे वाटते. साहित्य देण्याच्या आधी आपल्या परिसरातील विज्ञान शिक्षकांना एकत्र बसवून विचारावे : तुम्हाला नेमके काय अडते? यंत्राच्या किमतीतील काही भाग राखून ठेवून तो शिक्षकांच्या प्रवासासाठी द्यावा. मुंबईच्या शिक्षकांना मानखुर्द दूर नाही. पुण्यात आयुका आहे. जुन्नर तालुक्यात खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे आणि 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने तिचे दार शाळांसाठी उघडत आले आहे. तेथे बस भरून मुले न्यावीत हे योग्यच. पण त्या बसमध्ये शिक्षकांसाठी चार जागा ठेवाव्यात आणि त्यांनी तेथील एखाद्या संशोधकाचा पत्ता घेऊन यावा. पुढचा पत्रव्यवहार तेच करतील. शिवाय आपल्याच समाजातील जी मुले आज एम. एस्सी., पीएच. डी. करीत आहेत, प्रयोगशाळांत काम करीत आहेत, त्यांनी महिन्यातून एक शनिवार आपल्या जुन्या शाळेतील शिक्षकाजवळ बसावे. भाषणासाठी नव्हे, एक बिघडलेले उपकरण दोघांनी मिळून दुरुस्त करण्यासाठी.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एकच विनंती. प्रयोगवहीत आलेला आकडा खोडू नका. तो जसा आला तसा लिहा आणि खाली लिहा : असे का आले असावे? हा प्रश्न घेऊन शिक्षकांकडे जा. शिक्षकांनाही उत्तर माहीत नसेल तर ते म्हणतील, ‘चला, पुन्हा करून पाहू.’ ते पुन्हा करून पाहण्यासाठी कपाट उघडावेच लागते.